जुन्या छोट्या ट्रॅक्टरला लोडर जोडताना

लोडर (ट्रॅक्टरच्या पुढे बसणारी, बकेटने माल उचलणारी हायड्रॉलिक जोडणी) किती किलो उचलेल, हे सगळे आधी विचारतात. खरं तर ते शेवटी विचारावं. २०-३० एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरचा पंप ओझं उचलतोच. सोसायचं असतं ते पुढच्या एक्सलला आणि क्लच हाऊसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या बिडाच्या घराला.

म्हणून आधी पुढची चाकं. जॅक लावून चाक अधांतरी करा, वर-खाली धरून हलवा. खटखट वाजलं तर किंगपिनचे (चाक ज्या पिनेवर वळतं तिचे) बुश किंवा चाकाचं बेअरिंग झिजलंय. एक्सलची मधली पिनही पहार लावून पाहा. टायर ४ प्लायचे (थरांचे) असतील तर ६ किंवा ८ प्लायचे घाला.

आता थोडी आकडेमोड. व्हीलबेस १.५ मीटर आणि बकेटमधला ३०० किलो माल पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढे धरा. पुढच्या एक्सलवर ३०० नाही, ५४० किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे २४० किलो कमी होतात. लोडरचं स्वतःचं वजन वेगळंच. उलट मागच्या एक्सलच्या ०.८ मीटर मागे, थ्री-पॉइंटला (अवजारं जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना) ३०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा टांगला, की पुढचे १६० किलो उतरतात आणि मागे ४६० चढतात. मागच्या टायरात पाणी भरल्याने चाकं जमीन धरतात, पण पुढचा एक्सल किलोभरही हलका होत नाही. म्हणून ठोकळा हवाच.

अशा बऱ्याच ट्रॅक्टरना वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले, तीच चेसिस. लोडरचे ब्रॅकेट फक्त पुढच्या भागावर कसले, तर ढिगात बकेट घुसवताना बसणारा धक्का क्लच हाऊसिंगच्या जोडावर येतो, आणि बिडाला तडा जातो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मागच्या एक्सल हाऊसिंगपर्यंत नेऊन तिथे बांधा. कारखान्यातून आलेली भोकंच वापरा, आटे टॅपने साफ करा, बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या. पहिल्या १० तासांनी सगळे पुन्हा कसा. बिडाला नवं भोक नको, वेल्डिंग तर मुळीच नको.

सगळ्यात जास्त चुका हायड्रॉलिकमध्ये होतात. जुन्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा ओपन सेंटर पद्धत असते: पंपातलं तेल सतत लिफ्टमधून (थ्री-पॉइंट वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतून) फिरून टाकीत जातं. लोडरचा व्हॉल्व्ह पंप आणि लिफ्ट यांच्यामध्ये बसतो, म्हणून तो ‘पॉवर बियाँड’चा, म्हणजे दाबाचं तेल पुढे द्यायला वेगळं तोंड असलेला, लागतो. पी पोर्टला (तेल आत येण्याच्या तोंडाला) पंपाची लाइन, पॉवर बियाँड पोर्टमधून लिफ्टकडे, टी पोर्टमधून (परतीच्या तोंडातून) थेट टाकीत. स्वस्तातला साधा व्हॉल्व्ह घेऊन टी लाइनच लिफ्टला जोडली, तर लिफ्ट उचलताना पूर्ण दाब टी बाजूला येतो. ती बाजू दाबासाठी बनवलेलीच नसते. सील जातात, कधी बॉडीच फुटते. दुसरी चूक टी पोर्टला बूच मारण्याची. सिलिंडरचं परतीचं तेल आणि रिलीफ व्हॉल्व्हचं (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचं) तेल तिथूनच बाहेर पडतं.

बऱ्याच ट्रॅक्टरचा स्वतःचा रिलीफ लिफ्टच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे तेलाच्या वाटेवर लोडर व्हॉल्व्हच्या पुढे असतो. त्यामुळे लोडर व्हॉल्व्हला वेगळा रिलीफ लागतो, आणि तो गेज लावून मॅन्युअलमधल्या दाबावरच ठेवायचा. जास्त उचलावं म्हणून स्क्रू आवळणं हा पंप मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

जोडणी झाली की वेळ मोजा. ५० मिमी बोअर आणि ४५० मिमी स्ट्रोकच्या दोन सिलिंडरना मिळून सुमारे १.८ लिटर तेल लागतं. १८ लिटर प्रतिमिनिटाचा पंप ते ६ सेकंदांत देतो. फुल थ्रॉटलला १२ सेकंद लागत असतील तर पंप झिजलाय किंवा सक्शनची जाळी तुंबलीय. तेल फेसाळलं तर सक्शनच्या जोडातून हवा शिरतेय. सिलिंडर भरल्यावर टाकीतली पातळी उतरते. लोडर खाली ठेवून तेल पुन्हा भरा. गळती पुठ्ठा फिरवून शोधा, हाताने कधीच नाही: बारीक फवारा कातडीत घुसतो, आणि तसं झालंच तर लगेच दवाखाना गाठा.

बकेट पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी रुंद हवी, नाहीतर चाक ढिगावर चढतं. आकार मालावरून ठरवा: ०.२ घनमीटर ओली वाळू ४०० किलोच्या आसपास जाते. क्विक-हिचची (बकेट झटपट काढण्या-घालण्याच्या जोडणीची) सोय मोठी, पण ती स्वतःचं वजन आणते आणि माल १०-१५ सेंटिमीटर पुढे ढकलते. एवढ्या लहान ट्रॅक्टरवर साधी पिनची बकेट बरी. क्विक-हिच घेतलीच, तर दरवेळी बकेटचं टोक जमिनीवर दाबून बघा, दोन्ही पिना बसल्या नसतील तर ती तिथेच निखळेल.