वेबसाइट करून देण्याचा धंदा मांडलाय? या चुका टाळा

कॉलेज संपलेलं असतं, लॅपटॉप असतो, वर्डप्रेस हाताखालून गेलेलं असतं आणि पहिलं गिऱ्हाईक असतं मामाचं गेस्ट हाऊस. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत बरीच पोरं या धंद्यात अशीच येतात आणि त्यात वावगं काही नाही. वैताग येतो तो पुढे. साइट चार दिवसांत उभी राहते, फेसबुकवर लिंक फिरते, सगळे खूश. मग वर्ष-दीड वर्षानं ती बंद पडते आणि फोन माझ्याकडे येतो. उघडून बघावं तर डिझाइनला काहीही झालेलं नसतं. घोळ असतो तो खात्यांचा, मालकीचा, मेलचा. साइट दाखवताना ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, नेमका त्याचा.

डोमेन भाच्याच्या नावावर

फोंड्याकडच्या एका काजूवाल्याची गोष्ट सांगतो. दुकान जुनं, माल चोख, दिवाळीला मुंबई-पुण्याहून ऑर्डरी. साइट भाच्यानं करून दिली. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, भाच्याच्या नावावर, भाच्याच्या जीमेलवर, ओटीपी भाच्याच्या मोबाइलवर आणि पैसे भाच्याच्या कार्डावरून. पुढे भाचा क्रूझवर तारवटी म्हणून गेला. कार्डाची मुदत संपली, त्यामुळे डोमेन आपोआप रिन्यू झालं नाही. सूचना जात राहिल्या त्या त्याच्या जुन्या मेलवर, जो तो उघडतच नव्हता. ऐन दिवाळीच्या तोंडावर काजूच्या जागी कसल्यातरी जाहिरातींचं पान दिसायला लागलं.

मालकाला वाटलं, हॅक झालं. त्यानं गावातल्या एका पोराला बोलावलं. त्या पोरानं काय करावं? नवं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, विकत घ्यायला लावलं, तेही तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरून. जुनं होस्टिंग धडधडीत चालू होतं. संपलं होतं ते डोमेन. हूइजवर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेवर, नाव टाकून बघायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण घाईची सवय लागलेल्याला तो अर्धा मिनिटही जड जातो.

डॉट कॉमची मुदत संपली की पुढे काय होतं ते या धंद्यातल्या माणसाला पाठ हवं. रजिस्ट्रार म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, तिच्याप्रमाणे कमी-जास्त, पण ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं. त्यानंतर ३० दिवसांचा रिडम्प्शनचा काळ. त्यात डोमेन परत मिळतं, पण दंडासकट. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि शेवटी नाव बाजारात मोकळं. मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि साधारण आठवडाभर आधी सूचना पाठवणं रजिस्ट्रारला आयकॅन या डोमेनांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमानं बंधनकारक आहे. सूचना न येता डोमेन गेलं असं सांगणाऱ्याला मी एवढंच विचारतो, कुणाच्या मेलवर आली असेल?

काजूवाल्याचं डोमेन रिडम्प्शनमध्ये पोचलेलं होतं. भाच्याचं सिम इथलं, रोमिंग नाही, त्यामुळे जहाज बंदराला लागून त्याला वाय-फाय मिळेपर्यंत बोलणंच होईना, आणि बोलणं झालं तरी ओटीपी त्या बंद सिमवर. शेवटी रजिस्ट्रारकडे भाच्याच्या ओळखपत्राच्या प्रती पाठवून खात्याचा नंबर बदलून घेतला, दंड भरला, डोमेन सुटलं. तोवर दिवाळी उलटून तुळशीचं लग्नही झालं होतं. दुकानातल्या हरेक खोक्यावर आणि पिशवीवर तोच पत्ता छापलेला.

जमीन घेताना आपल्याकडे माणूस फॉर्म १ आणि १४ वर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव कुणाचं आहे ते दहादा वाचतो. डोमेनचंही तसंच वाचायला हवं. माझी पद्धत साधी आहे. पहिल्या बैठकीला गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून, त्याच्याच फोनवर, त्याच्याच मेलनं रजिस्ट्रारचं खातं उघडायचं. पैसे त्याच्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून. पडताळणीचा मेल येतो, ती लिंक तिथंच दाबून घ्यायची. ती १५ दिवसांत दाबली नाही तर चालू डोमेन थांबवलं जाऊ शकतं, आणि मग ‘काल तर चालत होती’ म्हणून फोन. एका पानावर सगळ्या खात्यांची यादी छापून देतो: डोमेन कुठं, होस्टिंग कुठं, मेल कुठं, मुदत कधी. पासवर्ड त्यावर नाही. ते पान घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा असं सांगतो, आणि बहुतेक लोक लावतातही.

‘डोमेन आमच्याच नावावर ठेवतो, म्हणजे गिऱ्हाईक सुटत नाही’ असं मला एकानं अगदी अभिमानानं सांगितलं होतं. याला धंदा म्हणत नाहीत, ओलीस धरणं म्हणतात.

साइट हलवली, मेल गेले

ही चूक तर मला आता वासावरून कळते. मोरजी-मांद्रेच्या बाजूला एक होमस्टे आहे. सीझन ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणून सप्टेंबरात नवी साइट. नव्या डेव्हलपरनं नवं होस्टिंग घेतलं, त्यांनी दिलेले नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) डोमेनला लावले, साइट झकास दिसली, पैसे घेतले, विषय संपला. काही दिवसांनी मालकिणीचा मला फोन, ‘मेल येनात मरे, एकय ना.’ नाताळाचं बुकिंग ज्या दिवसांत भरतं, त्या दिवसांत इनबॉक्स कोरा.

कारण सांगतो. नेमसर्व्हर बदलले की डोमेनचे सगळे डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे साइट कुठं, मेल कुठं या नोंदी, जुन्या जागेवरून नव्या जागेवर जातात. जातात म्हणजे आपोआप जात नाहीत, तुम्ही नेले तरच जातात. तिचे मेल गूगल वर्कस्पेसवर होते. त्याचे एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठं पोचवायचा ते सांगणारे, जुन्या नेमसर्व्हरवर राहिले. नव्या ठिकाणी एमएक्स नसेल तर पाठवणारा सर्व्हर डोमेनच्या ए रेकॉर्डवर, म्हणजे वेबसाइटच्याच सर्व्हरवर मेल नेऊन देतो. तिथं तिची पेटीच नाही. जर्मनीहून विचारणा करणाऱ्या पाहुण्याला ‘असा कुणी वापरकर्ता नाही’ असं उत्तर गेलं. तो बिचारा दुसरं होमस्टे बघणार.

एमएक्स घातले, मेल खरंच आपल्याकडूनच गेला हे पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएमचे रेकॉर्ड घातले. जीमेलवरून पाठवलेला मेल पोचायला लागला. पण साइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचा मेल अजूनही येईना. इथं नवशिके प्लगिन बदलत बसतात. एक काढ, दुसरं घाल, तिसरं घाल. खरं कारण सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये होतं. मेल राउटिंग ‘लोकल’वर होतं. म्हणजे सर्व्हरला वाटत होतं की या डोमेनचे मेल आपल्याचकडे राहतात. फॉर्मचा मेल बाहेर पडतच नव्हता, तिथल्या तिथं गडप. ‘रिमोट’ केलं आणि धडाधड यायला लागले. बाहेरचा मेल येतो आणि फॉर्मचा येत नाही अशी लक्षणं दिसली की पहिल्यांदा हेच बघा.

माझा नेम असा की साधी साइट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हातच लावायचा नाही, फक्त ए रेकॉर्ड बदलायचा. आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद बाकीचे किती वेळ लक्षात ठेवतील ती मुदत, ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा, म्हणजे काही फिसकटलं तर पाच मिनिटांत मागे येता येतं. नेमसर्व्हर बदलणं भागच असेल तर जुन्या झोनची, म्हणजे सगळ्या नोंदींची, पूर्ण नक्कल आधी उतरवून घ्यायची, नव्या ठिकाणी ओळीला ओळ जुळवायची आणि मगच बदल. हलवून झाल्यावर बाहेरच्या पत्त्यावरून एक मेल, फॉर्ममधून एक मेल, आणि दोन्हींना उत्तर पाठवून ते पोचतं का ते बघणं. आणि ते स्वतःच्या वाय-फायवर नव्हे, मोबाइल डेटावर. तुमच्या राउटरच्या आठवणीत जुनाच पत्ता असू शकतो.

शुक्रवारी संध्याकाळी, चवथीच्या आदल्या दिवशी किंवा गावच्या जत्रेच्या दिवशी कुठलाही रेकॉर्ड बदलायचा नाही. होस्टिंगवाल्याचा माणूस फोन उचलेल, पण तुम्ही गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधत असाल.

धावत्या चुका

फुकट मिळालेली चोरटी थीम. पैसे देऊन घ्यायच्या वस्तू कुणी फुकट वाटत असेल तर तो आत काय घालून वाटतो याचा विचार करा. गूगलवर गिऱ्हाइकाच्या नावाखाली जपानी अक्षरांतली बूट-घड्याळांची पानं दिसायला लागली तर ते हेच.

एसएसएल, म्हणजे साइटची जोडणी सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र, आपोआप नवं होतंय असं गृहीत धरणं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहेत. पुढे सगळ्यांच्याच मुदती आणखी आखडणार आहेत, २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस. हातानं प्रमाणपत्र घालण्याची सवय असेल तर आत्ताच मोडा.

मोबाइलनं काढलेले फोटो जसेच्या तसे चढवणं. समुद्रकिनाऱ्याचा एक फोटो सहा एमबीचा, असे पंधरा. पाहुणा टॅक्सीत बसून उघडतोय हो.

चालू साइटवर फाइल मॅनेजरमधून थेट कोड बदलणं, तेही पावसात, जेव्हा वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. वेगळी चाचणी-प्रत करा.

एआयकडून लिहून घेतलेला कोड न वाचता चिकटवणं. घ्या, मीही घेतो. पण एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सूचनांच्या फाइलीतली ओळ काय करते हे विचारल्यावर ‘तसंच आलं’ म्हणणाऱ्याला मी काम देत नाही.

मराठी मजकुराचे हाल

देवस्थानं, शाळा, नाट्यमंडळं यांची कामं करणार असाल तर हे होणारच. कमिटीचा मजकूर येतो पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. साइटवर चिकटवला की मुखवटा गळतो आणि उरतात चिन्हंच चिन्हं. मग शॉर्टकट काय, तर छापील पत्रिकेचा फोटो काढून पानावर टाकणं. दिसायला ठीक. पण शोधलं तर सापडत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही आणि पुढच्या वर्षी जत्रेची तारीख बदलायची म्हटली की पुन्हा पत्रिका.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर माणसाकडून वाचून घ्या. कन्व्हर्टर रफार इकडचा तिकडे टाकतो, ‘पुजाऱ्यांची’मधल्या ‘ऱ्य’चा बट्ट्याबोळ करतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकवतो. डेटाबेसमध्ये गेल्यावर सगळी प्रश्नचिन्हं दिसली तर टेबलाचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, जुना आहे, तो यूटीएफ८एमबी४ करा. पण आधी बॅकअप, कारण प्रश्नचिन्ह म्हणून साठवलेलं अक्षर परत येत नाही. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. काही फॉन्टांत त्यावरून ल आणि श आपल्या वळणाचे येतात. आणि कृपा करून मराठी मथळ्यांना लेटर-स्पेसिंग देऊ नका. इंग्रजी टेम्प्लेटमधून ते येतं आणि शिरोरेघेचे तुकडे पाडतं. ओळींमधलं अंतरही वाढवा, नाहीतर वरच्या मात्रा कापल्या जातात.

बॅकअप आहे, पण कुठं?

१० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचं दोन्ही गेलं. गिटलॅबसारख्या, कोड सांभाळण्याच्या कामात मुरलेल्या कंपनीला जानेवारी २०१७ मध्ये चुकून पुसलेला डेटाबेस परत आणताना कळलं की त्यांच्या बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. नशिबानं एकानं सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली प्रत होती.

त्यामुळे ‘होस्टिंगवाले घेतात की’ हे उत्तर मला चालत नाही. एक प्रत होस्टिंगवर, एक दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, एक माझ्याकडच्या डिस्कवर. आणि अधूनमधून त्यातली एक उचलून लॅपटॉपवर उभी करून बघतो. कंटाळवाणं काम आहे. पावसात, गिऱ्हाइकं थंड असतात तेव्हा करतो.

पैसे आणि कागद

पाच हजारांत साइट करून देणाऱ्यांशी भांडण नाही, पण त्या पाच हजारांत दुसऱ्या वर्षी फोन कोण उचलणार ते लिहून द्या. मी अर्धे पैसे आगाऊ घेतो, उरलेले साइट सुरू करण्याआधी, आणि देखभालीचं वर्षाचं बिल वेगळं. ‘सीझन झाला की देतो’ हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही तो गोव्यात धंदा करत नाही.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. पण नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावून वसूल करणं बेकायदेशीर आहे, आणि असली बिलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मोठ्या कामाला सीएला विचारा.

डिझाइन आणि कोडचे हक्क गिऱ्हाइकाला द्यायचे असतील तर ते लेखी द्यावे लागतात. कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. नेटवरून उतरवलेल्या करारात या दोन ओळी आहेत का ते सहीआधी बघा.

आणि देखभालीचं बिल घेता तर देखभाल करा. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. पेडण्यातल्या कितीतरी होमस्टेंच्या साइटवर अजूनही फक्त जुन्या दाबोळी विमानतळाहून कसं यायचं तेवढंच लिहिलेलं आहे. पाहुणा मोपाला उतरतो, साइट वाचतो आणि मालकाला फोन करतो. आपण सांभाळता त्या साइटींची ‘कसे याल’ पानं आज उघडून बघा.