दोन हिमबेटांच्या हवामानाची तुलना कशी करावी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला शून्याखालची सगळी थंडी सारखीच वाटावी, यात नवल नाही. भूगोलाच्या वह्यांमध्ये ‘आइसलँड : अतिथंड, होक्काइडो : अतिथंड’ एवढ्यावर तुलना संपलेली मी अनेकदा पाहिली आहे. प्रत्यक्षात उत्तर अटलांटिकमधील आइसलँड आणि जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो या दोन बेटांची थंडी एकाच जातीची नाही, आणि हा फरक कोणालाही घरबसल्या शोधून काढता येतो.

आधी नकाशात अक्षांश पाहावेत. आइसलँडची राजधानी रेकयाविक ६४ अंश उत्तरेला आहे, होक्काइडोमधील साप्पोरो ४३ अंशांवर आणि जळगाव २१ अंशांवर. आकडेवारी उघडण्यापूर्वी हिवाळा कुठे अधिक कडक असेल, याचा आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा. बहुतेक जण रेकयाविक लिहितात.

त्यानंतर दोन्ही शहरांची मासिक सरासरी तापमाने १९९१ ते २०२० या एकाच तीस वर्षांच्या काळातील घ्यावीत. एखाद्या दुष्काळी वर्षावरून खानदेशचा पाऊस ठरवता येत नाही, तसेच हेही आहे. जानेवारीत रेकयाविकची सरासरी शून्य अंशाच्या आसपास किंवा किंचित वर असते, तर साप्पोरोची उणे ३ अंशांच्या जवळ. म्हणजे रेकयाविकपेक्षा २१ अंश दक्षिणेला असलेले साप्पोरो अधिक गारठलेले असते. उन्हाळ्यात मात्र साप्पोरो २२ अंशांपर्यंत चढते आणि रेकयाविक १२ च्या आतबाहेर थांबते. सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांतील हे अंतर, म्हणजेच वार्षिक तापमानकक्षा, स्वतंत्र रकान्यात मांडावी, कारण तुलनेचा गाभा तोच आहे: साप्पोरोत सुमारे २५ अंश, रेकयाविकमध्ये जेमतेम १२.

कारण वाऱ्याच्या दिशेत सापडते. आइसलँडच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यांना अटलांटिकच्या उबदार प्रवाहाची शाखा स्पर्शून जाते आणि सागरी वारे हिवाळा सौम्य व उन्हाळा थंड ठेवतात. होक्काइडोवर हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडे, अतिशीत वारे येतात. ते तुलनेने उबदार असलेल्या जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प शोषून घेतात आणि बेटाच्या पर्वतांना भिडून ते बर्फाच्या रूपात टाकतात. सह्याद्रीला अडून कोकणात कोसळणारा आणि खानदेशात येईपर्यंत विरळ होणारा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला ही क्रिया वेगळी समजावून सांगावी लागत नाही. साप्पोरोत एका हिवाळ्यात एकूण सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. रेकयाविकमध्ये मात्र हिमवर्षावामागोमाग पाऊस येऊन साचलेला बर्फ अनेकदा वितळून जातो, म्हणून बर्फ आणि पाऊस एकाच बेरजेत न मिसळता वेगळे नोंदवावेत.

एका शहरावरून संपूर्ण बेट ठरवण्याची चूक मात्र करू नये. आइसलँडच्या दक्षिण टोकाला असलेल्या वीक गावात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पर्जन्य होते, तर उत्तरेकडील अकुरेरीत त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. विक्रमी आकडेही निराळे ठेवावेत: होक्काइडोतील असाहिकावा येथे जानेवारी १९०२ मध्ये उणे ४१ अंशांची नोंद झाली, आइसलँडचा नीचांक १९१८ मधील उणे ३८ अंशांचा आहे, आणि या दोन संख्या शेजारी ठेवल्यास बेटे पुन्हा सारखीच भासू लागतात.

अखेरीस आलेखकागदावर दोन्ही शहरांच्या तापमानाच्या रेषा काढाव्यात आणि तिसऱ्या रंगाने जळगावची रेषा जोडावी. ही माझी आग्रहाची सूचना आहे, कारण परक्या हवामानाचे वेगळेपण आपल्या हवामानाशेजारीच नीट दिसते. रेकयाविकची रेषा जुलैमध्ये शिखर गाठते. साप्पोरोची ऑगस्टमध्ये, कारण भोवतालचा समुद्र सावकाश तापतो. जळगावची रेषा मात्र मे महिन्यातच शिखरावर पोहोचते आणि ती दोन शहरे अजून तापत असताना, मृगाच्या ढगांबरोबर खाली वळू लागते.