प्रेदेल्ला अभ्यासताना: आधी लाकूड, मग चित्र

चर्चच्या वेदीवर उभ्या केलेल्या चित्राच्या, म्हणजे वेदीचित्राच्या, पायथ्याशी असलेली आडवी पट्टी म्हणजे प्रेदेल्ला. नवखे विद्यार्थी तिच्यातली कथा ओळखायला बसतात. संग्रहालयात तिचा सुटा तुकडा छोटं स्वतंत्र चित्रच वाटतो, आणि इथेच फसगत होते.

इटलीत मुख्य फलकाच्या पॉपलरच्या फळ्या सहसा उभ्या, प्रेदेल्लाची आडवी. लाकूड आपल्या रेषांच्या (तंतूंच्या) दिशेने तडकतं, म्हणून वरच्या चिरा उभ्या, खालच्या आडव्या. दोन तुकड्यांत एकाच उंचीवर आडवी चीर दिसली तर ते एकाच फळीचे असू शकतात. शिक्कामोर्तब मात्र क्ष-किरणात रेषा जुळल्यावरच करावं.

मग कडा. चौकट आधी बसवून त्यावर सरस आणि जिप्समचा लेप चढवत, त्यामुळे चौकटीलगत लेपाचा बारीक उंचवटा राहतो. तो शाबूत असेल तर चित्राची मूळ हद्द तीच. रंग थेट कापलेल्या लाकडापर्यंत गेला असेल तर तिथे करवत चाललेली आहे. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, समोरून काहीही कळत नाही.

सरावाला इटालियन चित्रकार दुच्चोचं सिएनातलं ‘माएस्ता’ (1311) हे वेदीचित्र उत्तम. 1771 मध्ये ते कापलं गेलं. प्रेदेल्लाचे बरेच तुकडे सिएनातच राहिले, बाकीचे लंडन, वॉशिंग्टन, न्यू यॉर्क, फोर्ट वर्थ आणि माद्रिदला गेले. वेदीचित्र दोन्ही बाजूंनी रंगवलेलं होतं; प्रेदेल्लाच्या पुढच्या बाजूला सात प्रसंग आणि त्यांच्यामध्ये सहा संदेष्टे होते. वॉशिंग्टनच्या येशूजन्माला यशया आणि यहेज्केल अजून जोडलेले आहेत, त्यावरून मांडणी डोळ्यांपुढे येते. मागच्या बाजूच्या लंडनमधल्या तुकड्यात दृष्टी मिळालेला आंधळा वर बघतो, कारण शेजारी येशूच्या रूपांतराचा, म्हणजे शिष्यांपुढे तेजस्वी रूपात प्रकटण्याचा, प्रसंग होता. सुट्या चित्रात ही नजर निरर्थक वाटते.

नुकसान वाचताना घाई नको. पट्टी मेणबत्त्यांजवळ असते, त्यामुळे काजळी आणि भाजल्याचे डाग पडतात. फक्त खलपात्रांचेच चेहरे खरवडलेले असतील तर ते बहुधा भाविकांचं काम. सर्वांत वाईट म्हणजे फळी तासून पातळ करणं आणि मागे लाकडी जाळी चिकटवणं. दमट हवेत लाकूड रेषेला आडवं फुगतं, जाळी त्याला अडवते, मग चिरा पडतात आणि लेप सुटतो. म्हणून जाडी मोजून नोंदवा.

उत्तरेकडे प्रेदेल्ला कोरीवही असते. कोल्मारच्या इझेनहाइम वेदीत येशू आणि प्रेषित लाकडात कोरलेले आहेत. वेदीचे पंख, म्हणजे दारासारखे उघडणारे बाजूचे फलक, उघडताना खालच्या वस्तूंना लागू नयेत, हाही तिच्या उंचीचा उपयोग.

जुन्या गोव्यातल्या कोरीव, सोनेरी वेद्यांवर निदान वर्ख वाचायचा सराव होतो: घासलेल्या कडांवर खालचा तांबूस थर डोकावतो का ते बघा. सोन्याऐवजी लावलेला ब्रॉन्झ पावडरचा रंग मात्र कालांतराने तपकिरी पडतो.