भाव बघायला मोबाइल उचलला आणि अर्धा तास गेला

रावेरचा केळीचा भाव किंवा जळगावचा सोन्याचा दर बघायला फोन हातात घेतला, की मागोमाग रील सुरू होतात. म्हणून भाव बघायच्या वेळा ठरवा: सकाळी ११ आणि दुपारी ४. एरवी फोन टेबलावर नको, खणात टाका.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा, फोकस मोडमध्ये नडणारी ॲप निवडा आणि ऑफिसची वेळ लावा. व्हॉट्सॲप सोडा, गिऱ्हाईक तिथेच असतं; फक्त ग्रुप म्यूट करा.

विंडोजवर साइट अडवायचा पक्का उपाय होस्ट्स फाइलचा, म्हणजे कुठल्या साइटचा पत्ता कुठे न्यायचा ते कॉम्प्युटरला सांगणारी साधी फाइल. नोटपॅडवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. नुसतं उघडलं तर सेव्हच होत नाही. मग नोटपॅडमधूनच फाइल, ओपन करून सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत जा. फोल्डर रिकामं दिसेल, घाबरू नका. खाली 'ऑल फाइल्स' निवडलं की होस्ट्स दिसते, ती उघडा. शेवटी नवी ओळ: १२७.०.०.१ (हा तुमच्याच कॉम्प्युटरचा पत्ता), एक स्पेस, साइटचं नाव, सगळं इंग्रजी अक्षर-आकड्यांत. तीन डब्ल्यूवालं नाव वेगळ्या ओळीत टाका. इथेच बहुतेकांचं चुकतं, नि साइट मागच्या दाराने उघडते. सेव्ह करून ब्राउझर पूर्ण बंद करा, मग उघडा. साइट परत हवी असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका.

यूट्यूब कामाला लागत असेल तर ते अडवू नका, त्याची वॉच हिस्टरी बंद करा. होमपेजवरचे सुचवलेले व्हिडिओ बरेच आटतात.