जास्वंद भरायची का अडेनियम? मृगाआधी हिशोब मांडून बघा

रोहिण्या लागल्या की सोलापुरात नर्सरीवाल्यांची पिशव्या भरायची घाई चालू होते आणि दरवर्षी तोच प्रश्न, की जास्वंद, मोगरा, तगर, कन्हेर ही नेहमीचीच झाडं भरायची का यंदा काहीतरी वेगळं करायचं, वेगळ्यात पैसा लई आहे म्हणतात. पैसा आहे, पण तो हातात कधी पडतो ते आधी बघा.

कागदावर मांडू, आकडे समजायला धरलेत, तुमचे तुम्ही घाला. जास्वंदीचं रोप पिशवी, माती, शेणखत, मजुरी धरून 15 रुपयाला पडलं आणि 25 ला गेलं, हजार भरली, शंभर मेली, तर 15 हजार घालून साडेबावीस हजार आले, म्हणजे साडेसात हजार सुटले आणि तेही दसऱ्याच्या आत. कलमी अडेनियम, म्हणजे जाड खोडाचं कुंडीतलं फुलझाड, 80 ला पडलं, 250 ला विकलं, ऐकायला झकास! पण 100 केली आणि वर्षात 40 च गेली तर सुटले फक्त 2 हजार, बाकीची 60 शेडनेटमध्ये जागा अडवून बसली.

पण ही 60 बुडाली असं नाही बरं का. अडेनियमचं खोड वर्षागणिक जाड होतं आणि तसा भाव वाढतो, उलट जास्वंद पिशवीत राहिली की मुळं गोल गुंडाळतात, मोठ्या पिशवीत घाला नाहीतर पडेल भावात काढा. म्हणून कुठलंही नवीन झाड घेताना मी तरी एवढंच विचारतो, की नाही विकलं तर पुढच्या वर्षी हे महाग होणार का स्वस्त?

नेहमीच्या झाडांचा भाव आपल्या हातात नसतो. आंध्रातलं कडियम किंवा पुण्याकडचं उरुळी कांचन, तिथून गाडीभर माल उतरला की आपला दर बसलाच. आपली जमेची बाजू एकच, आपलं रोप इथल्या उन्हात वाढलेलं असतं, लावलं की पटकन धरतं, तेव्हा गिऱ्हाईकाला हे तोंडानं सांगा की ओ, गप्प बसून कसं चालेल. रोजचा खर्च याच झाडांवर निघतो, त्यामुळे ती बंद करायचा विचारही नको.

वेगळं झाड निवडताना सोलापूरचं पाणी बघा. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची माती, त्यात अनंत नि एक्झोराची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, झाडाला लोह मिळत नाही म्हणून. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी तेच झाड घेऊन भांडायला येतं. त्यापेक्षा चाफ्याचे रंगीत प्रकार, बोगनवेलीचे सहसा न दिसणारे रंग, अडेनियम, ही मे महिन्यातलं 42-43 डिग्री ऊन सोसतात.

सुरुवातीला गाडीभर आणू नका, दोन-चार चांगली मातृझाडं, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची रोपं करायची ती, घ्या आणि एक दारातच लावा, कारण असली झाडं फुलावर विकतात, नुसत्या पानांवर कोणी 250 देत नाही. फूल आलं की फोटो स्टेटसला टाका. आणि एखादा रंग चालला की दोन-तीन वर्षांत शेजारचा पण तोच करतो, भाव खाली येतो, तोवर पुढचं मातृझाड तयार पाहिजे. फक्त जात 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात नोंदलेली असेल तर परवानगीशिवाय तिची कलमं करून विकू नका.

आता कामाचं. जास्वंद, तगर, कन्हेरीच्या पेन्सिलीएवढ्या जाड, 6 ते 8 इंचाच्या काड्या पाऊस पडून हवेत ओल आली की लावा, कन्हेरीचा चीक विषारी असतो, हातमोजे घाला. अडेनियमची कलमं मात्र कोरड्या हवेत, पावसाआधीच उरका. कुंडीत पाणी साचलं की त्याचा कंद सडतो, आणि सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, तेव्हा ऑगस्ट संपायच्या आत कुंड्या प्लास्टिकखाली घ्या.