व्यवसायाच्या वेब ॲप्लिकेशनसाठी सर्व्हर फ्रेमवर्क कसे निवडावे

बिले, साठा, उधारी, वसुली यांसाठी ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर करून घ्यायचे ठरले की पहिला वाद सर्व्हरच्या फ्रेमवर्कवरून, म्हणजे सॉफ्टवेअरचा सर्व्हरवरचा भाग ज्या तयार सांगाड्यावर उभा राहतो त्यावरून होतो. जँगो (भाषा पायथन), लारावेल (पीएचपी), स्प्रिंग बूट (जावा), एएसपी डॉट नेट कोअर (सी शार्प), रेल्स (रुबी), एक्सप्रेस (जावास्क्रिप्ट) अशी नावे पुढे येतात आणि ज्याला जे येते त्याकडे पारडे झुकते. हा निकष अगदीच टाकाऊ नाही, त्याबद्दल पुढे येईलच. पण निवड करण्याआधी साधारण तीन आठवड्यांचे काम आहे. ते टाळले तर पुढची पाच-सात वर्षे त्याची किंमत थोडी थोडी मोजावी लागते.

सोयीसाठी एकच उदाहरण धरू: तीन गावांत गोदामे असलेला घाऊक व्यापार, ४० वापरकर्ते, जीएसटीची बिले, साठा आणि ग्राहकांची खाती.

पायरी १: वेगाचा प्रश्न आधी निकालात काढा

चाळीसच्या चाळीस जण एकदम कामाला बसले आणि प्रत्येकाने दर दहा सेकंदांना एक बटण दाबले, तर सर्व्हरकडे सेकंदाला ४ विनंत्या येतात. वर सांगितलेले कोणतेही फ्रेमवर्क हा भार दोन कोअर आणि ४ जीबी मेमरीच्या साध्या सर्व्हरवर पेलते. त्यामुळे सेकंदाला लाखो विनंत्या दाखवणारे तक्ते या कामासाठी बाजूला ठेवावेत.

व्यवसायाचे ॲप्लिकेशन मंद होते ते बहुतेक वेळा डेटाबेसपाशी. ५० बिलांची यादी दाखवताना प्रत्येक बिलाच्या ग्राहकाचे नाव वेगळे मागवले, तर एका पानासाठी डेटाबेसकडे ५१ क्वेरी, म्हणजे विचारणा, जातात. चाचणीत दहाच बिले असतात म्हणून हे दिसत नाही. वर्षभराने पान उघडायला आठ सेकंद लागू लागतात. जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’, लारावेलमध्ये ‘विथ’, रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’, जावात डेटाबेसशी बोलणाऱ्या जेपीएमध्ये ‘जॉइन फेच’ ही सगळी नावे एकदम मागवण्याची सोय हा त्यावरचा उपाय. करणाऱ्याला तो माहीत आहे का, हे फ्रेमवर्कच्या वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

पायरी २: धंद्याचे नियम कागदावर लिहा आणि त्यांवर फ्रेमवर्क घासून पाहा

ही पायरी लांब आहे आणि तिला किमान तीन दिवस द्यावेत. हिशेबनीस आणि गोदाम सांभाळणारा माणूस, दोघेही समोर हवेत.

पैशांपासून सुरुवात करा. संगणकाच्या फ्लोट प्रकारात (यात अपूर्णांक अदमासे साठवले जातात) ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. हजार ओळींच्या खात्यात असे कण साचून ताळा चुकतो. सी शार्पमध्ये डेसिमल, जावात बिगडेसिमल, पायथनमध्ये डेसिमल हे प्रकार भाषेबरोबरच येतात. जावास्क्रिप्टमध्ये असा प्रकार नाही, त्यासाठी वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी लागते आणि ती सगळीकडे न चुकता वापरावी लागते. पीएचपीतही दशांशाचा हिशेब बीसीमॅथसारखा वेगळा भाग जोडून करावा लागतो. डेटाबेसमधला रकाना डेसिमल, १५ अंकी, त्यात २ दशांश, असा ठेवा. सरावाला एसक्यूलाइट आणि प्रत्यक्षात पोस्टग्रेस असे दोन वेगळे डेटाबेस वापरू नका. एसक्यूलाइटमध्ये खरा दशांश प्रकार नाही, म्हणून तिथे पास झालेली चाचणी भरवशाची नसते.

पूर्णांकन हा त्याच्या शेजारचा खड्डा. १००.०५ रुपयांवर १८ टक्के कर १८.०१ रुपये येतो. पण केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के वेगवेगळा काढला तर प्रत्येकी ९.००, म्हणजे एकूण १८.०० रुपये. एका पैशाचा हा फरक पडताळणीत डोके वर काढतो. शिवाय पायथन आणि सी शार्प नेमके अर्ध्यावर आलेले मूल्य आपणहून जवळच्या सम अंकाकडे नेतात: ०.१२५ चे ०.१२ होते, हिशेबनिसाला मात्र ०.१३ अपेक्षित असते. पद्धत एकदा ठरवून एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि सगळ्या पडद्यांनी तेच वापरावे.

कराचा दर कोडमध्ये लिहू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा १२ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ टक्क्यांत आल्या. ऑगस्टचे बिल पुन्हा उघडले तर त्यावर जुनाच दर दिसला पाहिजे. म्हणून दराच्या तक्त्यात ‘कधीपासून’ ही तारीख हवी आणि बिलाच्या प्रत्येक ओळीवर त्या दिवशीचा दर साठवलेला हवा.

आता बिलाचा क्रमांक. जीएसटीच्या नियमानुसार तो सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. बहुतेक फ्रेमवर्क प्रत्येक नोंदीला आपोआप वाढणारा क्रमांक देतात आणि नवखा डेव्हलपर तोच बिलावर छापतो. पण बिल साठवताना मध्येच चूक होऊन डेटाबेसचा व्यवहार (एकत्र पूर्ण होणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या नोंदी) मागे घेतला गेला तर पोस्टग्रेसमधला तो अंक परत येत नाही: ४१७ नंतर थेट ४१९. क्रमांकासाठी स्वतंत्र तक्ता ठेवावा, त्यातली ओळ कुलूपबंद करून, म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला ती बदलू न देता, अंक घ्यावा आणि बिलाची नोंद त्याच व्यवहारात पूर्ण करावी.

हेच कुलूप साठ्याला लागते. गोदामात १० पेट्या आहेत. दोन ठिकाणांहून एकाच क्षणी ७-७ पेट्यांची बिले झाली. दोघांनाही शिल्लक १० दिसली. कुलूप नसेल तर साठा उणे ४ होतो. जँगोत ‘सिलेक्ट फॉर अपडेट’, लारावेलमध्ये ‘लॉक फॉर अपडेट’, रेल्समध्ये ‘विथ लॉक’ अशा तयार सोयी आहेत. डॉट नेटमध्ये डेटाबेसशी बोलणाऱ्या एन्टिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये असे थेट कुलूप नाही. तिथे प्रत्येक बदलाबरोबर बदलणारा आवृत्तीचा रकाना ठेवून टक्कर पकडतात किंवा ती एक क्वेरी हाताने लिहितात. डेव्हलपरला ही गोष्ट विचारा आणि उत्तर पडद्यावर करून दाखवायला सांगा.

तारखेचा घोळ मार्चअखेरीस उघडा पडतो. सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतो आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. १ एप्रिलला रात्री १२.३० वाजता केलेले बिल सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चच्या संध्याकाळी ७ चे असते, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षातले. नोंद झाल्याची वेळ यूटीसीत राहू द्या. बिलाची तारीख मात्र निव्वळ तारीख म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवा.

धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची बंद न करता येणारी नोंद ठेवावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून हे बंधनकारक आहे. कोणी, केव्हा, कोणती रक्कम बदलली हे सहा महिन्यांनी आठवून जोडायचे काम नव्हे. पहिल्या दिवसापासून ते रचनेत असावे.

आणि मराठी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ हा अक्षरसंच निवडला की साठवण ठीक होते. अडते ते पीडीएफवर. लारावेलबरोबर पीडीएफ बनवायला सर्रास वापरले जाणारे डॉमपीडीएफ देवनागरीची अक्षरजुळणी करत नाही, म्हणून ‘श्री’ आणि ‘क्ष’ तुटतात, वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. एमपीडीएफ, पायथनचे वीझीप्रिंट किंवा पडद्याविना चालवलेला क्रोम यांतून अक्षरे नीट येतात. ‘क्षितिज स्टेशनरी, कऱ्हाड’ एवढी एक ओळ छापून पाहिली तरी पुरते.

पायरी ३: फ्रेमवर्कबरोबर काय हाती येते ते पाहा

व्यवसायाच्या ॲप्लिकेशनला लॉगिन, भूमिका आणि परवानग्या, डेटाबेसच्या रचनेतले बदल म्हणजे मायग्रेशन, मागे चालणारी कामे, फॉर्मची तपासणी आणि ईमेल एवढे लागतेच.

जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले आणि २००५ मध्ये खुले झाले. बातमीदारांना झटपट माहिती भरता यावी म्हणून केलेले त्याचे ॲडमिन पान आजही त्याचे बलस्थान आहे: वस्तू, ग्राहक, दर यांचे पडदे अर्ध्या दिवसात उभे राहतात. एक सावधगिरी हवी. त्यातल्या परवानग्या तक्त्यानुसार असतात, नोंदीनुसार नाहीत. कऱ्हाडच्या माणसाला फक्त कऱ्हाडची बिले दिसावीत असे हवे असेल तर ते स्वतः लिहावे लागते.

लारावेलमध्ये रांगेतली कामे, ईमेल, वेळापत्रक सगळे आत आहे आणि पीएचपी स्वस्त होस्टिंगवरही चालते. रेल्स याच पठडीतले आणि उत्तम आहे, पण गावोगावी माणसे मिळत नाहीत. स्प्रिंग बूट आणि डॉट नेट मोठ्या चमूंसाठी, बँकेशी किंवा जुन्या यंत्रणांशी जोडणी असलेल्या कामांसाठी भक्कम; दोन माणसांच्या चमूला स्प्रिंगचा पसारा जड जातो. एक्सप्रेस हे मुद्दाम लहान ठेवलेले आहे, वरचे जवळजवळ काहीच त्यात नाही. पंधरा पॅकेजे जोडत तुम्ही आपलेच एक फ्रेमवर्क तयार करता आणि ते समजणारा जगात एकच माणूस असतो. या कामासाठी आम्ही ते सुचवणार नाही. नोडच (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा, एक्सप्रेस तिच्यावरच चालते) हवे असेल तर नेस्टजेएस पाहावे.

मुंबईत तयार झालेले फ्रॅपे वेगळ्या वाटेने जाते. ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि साठ्याचे तयार सॉफ्टवेअर त्याच्यावरच उभे आहे. एका ‘डॉकटाइप’च्या व्याख्येतून तक्ता, फॉर्म, यादी आणि परवानग्या एकदम तयार होतात. शाखेनुसार नोंदी झाकणे, क्रमांकाची मालिका, पक्के केलेले बिल न बदलता रद्द करून सुधारित बिल काढणे, हे सगळे त्यात आधीच आहे. तुमच्या गरजेचा मोठा भाग नेहमीचा हिशेब आणि साठा असेल तर आधी हेच तपासा. त्याची चाकोरी मात्र स्वीकारावी लागते; नेहमीपेक्षा वेगळा पडदा करायला गेले की झगडा सुरू होतो.

पायरी ४: माणसे मोजा

ज्याला जे येते ते निवडावे हा सल्ला इथे लागू पडतो, पण एक नव्हे तर दोन माणसांच्या हिशेबाने. तुमच्या शहरात किंवा तुमच्या पगारात ते फ्रेमवर्क जाणणारे दोघे मिळतात का? पहिला सोडून गेला तर दुसरा महिन्याभरात काम हातात घेईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते फ्रेमवर्क कितीही चांगले असले तरी वगळा.

पायरी ५: आधार कधीपर्यंत ते पाहा

प्रत्येक आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत असते. जँगो ५.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली, तिला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे. डॉट नेट ८ चा आधार नोव्हेंबर २०२६ ला संपतो. नव्या कामाला नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले डॉट नेट १० घ्यावे. लारावेलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या दोनच वर्षे मिळतात, म्हणजे दर वर्षी किंवा वर्षाआड वर चढण्याचा खर्च गृहीत धरावा. उडी लहान असेलच असे नाही: २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आले तेव्हा किमान जावा १७ लागले आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी कित्येक नावे ‘जकार्ता’ अशी बदलावी लागली.

दुरुस्ती न बसवल्याने काय होते ते लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीने दाखवले. अपाची स्ट्रट्स फ्रेमवर्कमधल्या छिद्राची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती. ती बसवायची राहिली, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दुरुस्त्या कोण बसवणार, किती दिवसांत, हे करारात लिहून घ्या.

पायरी ६: उरलेल्या दोघांत एकच अवघड तुकडा बांधा

आतापर्यंत यादीत दोन नावे उरायला हवीत. प्रत्येकाला पाच कामाचे दिवस द्या. सोपा नमुना पडदा नको. तो सगळ्यांतच छान होतो. पुढचे मागा: दोन भूमिकांचे लॉगिन, दोन वेगळ्या दरांच्या पाच ओळींचे बिल, ते रद्द करणे आणि बदलाची नोंद, मराठी नाव असलेली पीडीएफ, एक्सेलमधून १०,००० वस्तू आत घेणे. ही आयात ब्राउझर थांबवून ठेवते की मागे रांगेत चालते ते पाहा, कारण लांबलेली विनंती बहुतेक सर्व्हर साठेक सेकंदांत तोडून टाकतात आणि अर्धवट यादी आत राहते.

मग दोन लाख खोटी बिले भरा आणि यादीचे पान किती क्वेरी करते ते मोजा; वीसच्या वर गेल्या तर कारण विचारा. भरलेल्या तक्त्यात नवा रकाना घाला. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून चालू करा. दोन खिडक्यांतून एकदम शेवटच्या पेट्या विकून पाहा. शेवटी कोड न लिहिलेल्या माणसाला एक लहान बदल द्या, उदाहरणार्थ बिलावर वाहनाचा क्रमांक, आणि त्याला किती तास लागतात ते घड्याळ लावून पाहा. दोन्ही बाजू तुल्यबळ ठरल्या तर आम्ही या शेवटच्या आकड्यावर निवड करू.

पायरी ७: निर्णय एका पानावर लिहा

काय निवडले, कोणती आवृत्ती, दुसरे का वगळले आणि आधार कधी संपतो, एवढे त्या पानावर असावे. सोर्स कोड आणि सर्व्हरचे पासवर्ड मालकाच्या नावाच्या खात्यात आहेत ना, हेही त्यातच नोंदवा. पुढच्या आवृत्तीवर चढण्याचा महिना आजच ठरवा. जँगो ५.२ घेतले असेल तर पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२७ ला अपेक्षित आहे. तेव्हा त्या वर्षीचा जुलै किंवा ऑगस्ट धरा. मार्च-एप्रिल टाळा, आणि महिन्यातली ११ ते २० तारीखही, कारण तेव्हा हिशेबनीस जीएसटीची विवरणे भरत असतो आणि त्याला सॉफ्टवेअर चालू लागते.