लाइटीचा भरवसा नसताना घरच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन

नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलीला लिनक्सवर हात बसवायचाय, पण घरातला एकुलता एक कॉम्प्युटर फॉरमॅट करायची सोय नाही. लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचा हिशेब विंडोज ७ वरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलाय आणि नवं मशीन विंडोज ११ चं आहे. दोघांचंही काम व्हर्च्युअल मशीननं, म्हणजे आहे त्याच कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरनं भागतं. आहे त्या कॉम्प्युटरला होस्ट म्हणायचं, त्याच्या पोटात चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टमला गेस्ट. इथं त्यासाठीचं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर धरून सांगितलंय, कारण ते फुकट आहे आणि विंडोज होमवरही चालतं. मायक्रोसॉफ्टचं याच कामाचं हायपर-व्ही होम आवृत्तीत मिळत नाही.

आधी बायोस

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की खाली 'व्हर्च्युअलायझेशन' असं दिसतं. पुढे 'एनेबल्ड' असेल तर हा भाग सोडा. 'डिसेबल्ड' असेल तर मशीन चालू होताना बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) शिरा: डेलला बहुतेक एफ२, एचपीला एफ१०, गिगाबाइटच्या बोर्डाला डिलीट. इंटेलमध्ये 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि एएमडीमध्ये 'एसव्हीएम मोड' चालू करायचा. एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर तो ओव्हरक्लॉकिंगच्या पानात लपलेला असतो, म्हणून सापडत नाही. शेजारी 'व्हीटी-डी' दिसेल, त्याची इथं गरज नाही. सेव्ह करून मशीन एकदा पूर्ण बंद करा आणि मग चालू करा.

आयएसओ उतरवताना

उबुंटू या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल, जवळपास ६ जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबी डेटात ती एका दमात उतरत नाही, मध्येच तुटते आणि अर्धवट फाइलवर इन्स्टॉलेशन भलत्याच ठिकाणी अडकतं. टोरंटनं घ्या. जिथं तुटलं तिथून पुढे चालतं आणि प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो. पेनड्राइव्हवर कुणाकडून आणली असेल, तर सेव्हन-झिप टाकून फाइलवर राइट क्लिक करा, 'सीआरसी एसएचए' मधून एसएचए-२५६ (फाइलची ओळख पटवणारा लांब आकडा) काढा आणि उबुंटूच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल वापरू नका.

मशीन बनवताना

'न्यू' दाबून आयएसओ निवडली की 'स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' वर टिक करा. ही टिक करायची राहून गेली, तर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच उबुंटू बसवून टाकतं, युजर 'व्हीबॉक्सयुजर' आणि पासवर्ड 'चेंजमी' ठेवून. त्या युजरला पुष्कळदा सुडोचे (अ‍ॅडमिनचे) अधिकार मिळत नाहीत, कधी टर्मिनलच उघडत नाही. नवशिक्याचे दोन दिवस यातच जातात.

रॅम किती द्यायची? होस्टला ८ जीबी असेल तर गेस्टला ३०७२ एमबी, १६ असेल तर ६ ते ८ जीबी. निम्म्याच्या वर जाऊ नका. रॅम कमी पडली की होस्ट डिस्कवर लिहायला लागतो आणि दोन्ही सिस्टम रांगायला लागतात. ८ जीबीवर थेट उबुंटूपेक्षा लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी, त्या हलक्या आहेत. प्रोसेसर २ द्या. चार कोरच्या मशीनवर चारही देऊन टाकले तर होस्टला श्वास घ्यायला जागा राहत नाही. डिस्प्लेमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा. इन्स्टॉल झाल्यावर स्क्रीन काळी पडत असेल तर थ्रीडी अ‍ॅक्सेलरेशन काढून पाहा.

डिस्क ४० जीबी, डायनॅमिक ठेवा. ती फाइल सुरुवातीला छोटी असते आणि भरेल तशी वाढते. गेस्टमधलं काही पुसलं म्हणून ती आपोआप आकसत नाही, हे लक्षात असू द्या. होस्टचा ड्राइव्ह भरला की मशीन 'पॉझ' होऊन थांबतं. घाबरून बंद करू नका. ड्राइव्हवर जागा करा आणि पॉझ काढा, काम जिथल्या तिथं सुरू होतं. मशीनचं फोल्डर शक्यतो एसएसडीवर असावं. जुन्या हार्ड डिस्कवर गेस्ट चालतो, पण प्रत्येक क्लिकला वाट पाहायला लावतो.

लाइट गेली तर

आपल्याकडे व्हर्च्युअल मशीन खराब होतं ते बहुतेक लाइटीपायी. लाइट गेली की एका वेळी दोन सिस्टम अर्ध्यावर मरतात. म्हणून सेटिंग्जच्या स्टोरेजमध्ये साटा कंट्रोलर निवडून 'यूज होस्ट आय/ओ कॅश' बंद आहे ना ते पाहा. ते चालू असेल तर गेस्टला वाटतं डेटा लिहून झाला, प्रत्यक्षात तो होस्टच्या रॅममध्येच पडून असतो.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, एकीकडे 'यूपीएस', दुसरीकडे 'नॉर्मल' किंवा 'इको'. नॉर्मलवर पंखा-दिवे चालतात, पण बॅटरीवर जायला तो इतका वेळ घेतो की डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसकडे हवं. यात एक अडचण आहे: यूपीएस मोडला व्होल्टेज कमी चालत नाही. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज पडलं की तो सारखा बॅटरीवर जातो आणि बॅटरी उतरते. अशा गावात इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवून डेस्कटॉपला वेगळा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावणं चांगलं. तो पाच-दहा मिनिटं देतो, तेवढी पुरतात. लाइट गेली की खिडकीची फुली दाबून 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडा. गेस्टची रॅम फाइलमध्ये लिहिली जाते, लाइट आल्यावर तिथूनच पुढे.

एवढं करूनही कधी लाइट गेल्यानंतर यादीत मशीनसमोर 'इनअ‍ॅक्सेसिबल' येतं. मशीन गेलं असं समजून पुसू नका. व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करा, मशीनचं फोल्डर उघडा आणि आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी करून ठेवा. एक्सप्लोररमध्ये फाइल एक्स्टेंशन दिसू द्या. मशीनच्या नावाची 'डॉट व्हीबॉक्स' फाइल शून्य केबीची दिसेल. सेटिंग्ज लिहीत असतानाच लाइट गेली म्हणून ती रिकामी राहिली. शेजारीच त्याच नावाची, शेवटी 'हायफन प्रीव्ह' असलेली फाइल असते. ती आधीची प्रत आहे. रिकाम्या फाइलचं नाव बदला, प्रीव्हची कॉपी करून कॉपीच्या नावातून 'हायफन प्रीव्ह' काढा आणि व्हर्च्युअलबॉक्स उघडा. मशीन परत येतं. प्रीव्हही रिकामी असेल तर नवीन मशीन बनवून डिस्कच्या जागी जुनी व्हीडीआय फाइल (गेस्टची डिस्क) जोडा. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) घेतलेला असेल तर ही शेवटची युक्ती अपुरी पडते, कारण स्नॅपशॉटनंतरचं सगळं वेगळ्या फाइलीत असतं. त्याच कारणानं स्नॅपशॉट पुसायचं काम लाइट खात्रीची असतानाच करा. पुसताना दोन फाइली एकत्र होतात, मध्येच थांबलं तर दोन्ही जाऊ शकतात.

इतर नेहमीच्या तक्रारी

खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय आणि गेस्ट खरंच कासवगतीनं चालतोय? म्हणजे विंडोजचा हायपर-व्ही आतून चालू आहे. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन, तिथं मेमरी इंटिग्रिटी बंद करून रीस्टार्ट करा. 'टर्न विंडोज फीचर्स' मधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मही काढावं लागेल. डॉकर किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर ते मात्र अडतील. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे वेग चालण्याजोगा असेल तर कासव राहू द्या.

इन्स्टॉल संपून पुन्हा इन्स्टॉलेशनच सुरू होत असेल तर आयएसओ काढायची राहिलीय.

नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर नेटवर्क 'नॅट' वरच ठेवा, म्हणजे गेस्ट होस्टच्याच जोडणीतून नेटवर जातो. 'ब्रिज्ड' (गेस्टला नेटवर्कवर स्वतःची वेगळी जागा) वायफायवर पुष्कळदा चालत नाही. नॅटमध्ये गेस्टला १०.०.२.१५ असा पत्ता मिळतो आणि बाहेरून तिथं थेट पोचता येत नाही. एसएसएच (दुसरीकडून टर्मिनलनं गेस्टमध्ये शिरायची सोय) हवं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचा २२२२ गेस्टच्या २२ ला जोडा.

एप्रिल-मेमध्ये परभणीकडे पारा चाळिशीपार असतो, तेव्हा दुपारी लॅपटॉपवर गेस्ट अचानक संथ होणं हा सॉफ्टवेअरचा दोष नसतो. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो. पंख्यातली धूळ काढा, गादीवर ठेवू नका, गेस्टला एक कोर कमी द्या.

मोंढ्यातल्या विंडोज ७ साठी तीन गोष्टी. त्याला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून नेटवर्क अ‍ॅडॉप्टर काढूनच टाका. सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लागत असेल तर यूएसबी २.० कंट्रोलर निवडा, कारण विंडोज ७ मध्ये ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतो, आणि डोंगलसाठी यूएसबी फिल्टर टाका. दर आठवड्याला मशीन बंद करून 'एक्स्पोर्ट अप्लायन्स' नं त्याची ओव्हीए फाइल (अख्ख्या मशीनची एका फाइलीतली प्रत) पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, तो आधी रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.